सुतळीने मोजलेला परीघ

ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलवर दोन्ही बाजूंना दोन-दोन टायर असतात, एकाच हबवर, एकमेकांना खेटून. आमच्या धंद्यात त्याला जोडी म्हणतात. जोडी लावायची म्हणजे दोन सारखे टायर निवडायचे, आणि त्यासाठी नुसता आकडा सारखा असून भागत नाही. दोन्हींवर ९.००-२० लिहिलेलं असतं, पण एक नवाकोरा असतो आणि दुसरा अर्धा घासलेला किंवा रिमोल्ड केलेला. उंची वेगळी, हब मात्र एकच. म्हणजे फेरे दोघांनी सारखेच मारायचे. मग उंच टायर बहुतेक भार स्वतःवर घेतो आणि तापतो, बुटका रस्त्यावर घासत जातो. भिवंडीहून कापडाचे तागे भरून निघालेल्या गाडीची अशी जोडी कसाऱ्याच्या घाटात सोबत करत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जोडी लावताना सुतळी वापरत. टायरच्या मधोमध सुतळी गुंडाळायची, टोक भिडेल तिथे गाठ मारायची आणि तीच सुतळी दुसऱ्या टायरला लावायची. ९.०० आणि त्यावरच्या टायरच्या व्यासात अर्ध्या इंचापर्यंत फरक चालतो, ८.२५ आणि त्याखालच्यांना पाव इंच, हा टायर कंपन्यांचा जुना नियम. व्यासात अर्धा इंच म्हणजे परिघात दीड इंचाहून किंचित जास्त. गाठीपासून दोन बोटांपलीकडे सुतळी गेली की अण्णा तो टायर बाजूला ठेवत, मग ड्रायव्हर कितीही घाईत असो.

कल्याणच्या मुरबाड रोडवर त्यांनी दुकान टाकलं ते ट्रकच्या भरवशावर. आज त्याच दुकानात ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून, डोंबिवलीच्या नव्या संकुलांतून ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्या येतात आणि मालक विचारतात, "काका, दुसरा साइझ बसेल का?" त्यांना वाटतं, हा प्रश्न त्यांच्या गाडीइतकाच नवा आहे. माझं म्हणणं असं, की चारही चाकांना ताकद देणारी गाडी ही गणिताने जोडीच आहे, फक्त चार टायरांची. तिचा नियम या रस्त्यांवर जुना आहे. आणि तो नियम ज्यामुळे पाळता येतो तो टायरच्या आतला दोरा आमच्याच कल्याणात निघाला, हे इथल्या लोकांनासुद्धा फारसं ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत आहे.

अण्णांच्या काळात साइझ 'निवडायचा' नसे. फियाटला ५.२०-१४, अ‍ॅम्बॅसॅडरला ५.९०-१५, जीपला ६.००-१६. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. मोटार पाहिली की आकडा तोंडात येई. प्रश्न असे तो टायर मिळण्याचा. शिवडीला फायरस्टोनचा कारखाना होता. पुढे तो बॉम्बे टायर इंटरनॅशनल झाला आणि अबकारी कराच्या १९८३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे वकिलांच्या पुस्तकांत जाऊन बसला. ठाण्याच्या वेशीवर, भांडुपला, सीएट. ही कंपनी १९५८ साली इथे आली ती इटलीतल्या तुरिन शहरातून. कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाटचं मूळही तुरिनच. एकाच परक्या गावची गाडी आणि एकाच परक्या गावचा टायर असे लालबहादूर शास्त्री मार्गावर, म्हणजे तेव्हाच्या आग्रा रोडवर, काही मैलांच्या अंतराने तयार होत आणि आमच्या दुकानात एकमेकांना भेटत.

हे सगळे टायर क्रॉसप्लाय होते. आत दोऱ्यांचे थर तिरके, एकावर एक उलट दिशेने. गाडी वेगात गेली की असा टायर थोडा फुगतो, भार पडला की बसतो. त्याचा परीघ ही पक्की गोष्ट नव्हेच. रबर सगळ्यांना दिसतं, पण टायरचा आकार धरून ठेवतात ते आतले दोरे. रबराला स्वतःचा असा आकार नसतो.

ते दोरे सुरुवातीला सुती असत. सुताचे तंतू आखूड; ते एकमेकांवर घासतात, तापतात आणि तुटतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्यांची जागा रेयॉनने घेतली, आणि इथून आमच्या गावाची गोष्ट सुरू होते. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने कल्याण सोडलं की पहिलं स्टेशन शहाड, पुढचं आंबिवली. शहाडला १९५६ मध्ये सेंच्युरी रेयॉन सुरू झाला. आंबिवलीजवळ मोहन्याला त्याआधीपासून नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन होतं, ज्याला सगळे एनआरसी म्हणतात. दोन्ही उल्हास नदीच्या पाण्यावर उभे. दोन्हींकडे कपड्याच्या धाग्याबरोबर टायर कॉर्डही निघू लागली.

आमच्या चाळीत ट्विस्टिंग खात्यात काम करणारे एक काका होते. कॉर्ड कशी होते ते मला पहिल्यांदा त्यांनी समजावलं. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, कार्बन डायसल्फाइडशी त्याची प्रक्रिया करून मधासारखा दाट व्हिस्कोस करायचा, तो बारीक छिद्रांच्या चकतीतून आम्लाच्या हौदात सोडायचा. छिद्रातून बाहेर पडताक्षणी त्याचा तंतू होतो. तो ओला असतानाच ताणला की बळकट होतो. असे शेकडो तंतू मिळून एक धागा, दोन धाग्यांना उलटसुलट पीळ देऊन एक कॉर्ड. १६५०/२ किंवा १८४०/२ असे तिचे आकडे काका आम्हाला पाढ्यांसारखे सांगत. मग तिचं कापड विणायचं. हे कापड मी पाहिलं आहे. साध्या कापडात उभा-आडवा दोन्ही धागे जोमदार असतात. इथे उभ्या कॉर्ड शेजारी शेजारी खच्चून भरलेल्या, आणि आडवा धागा नावापुरता, बोटाने ओढला तरी तुटेल इतका. काम फक्त उभ्या कॉर्डचं. आडवा धागा त्यांना रबरात जाईपर्यंत रांगेत धरतो. रबर चिकटावं म्हणून हे कापड रेझिन आणि लॅटेक्सच्या द्रावणात बुडवतात. पांढरं शुभ्र, चमकदार कापड तिथून तांबूस तपकिरी होऊन बाहेर येतं.

रेयॉनची एक खोड होती. ओला झाला की त्याचा जोर कमी होतो. आपल्याकडच्या ट्रकचे टायर दगडाने कापले जाणार, त्यात पावसाचं पाणी शिरणार, वर गाडी क्षमतेहून जास्त भरलेली. तिथे नायलॉन जास्त टिकला आणि ट्रकच्या धंद्यात तोच रुळला. नायलॉनचीही खोड होती. उभ्या गाडीखाली टायर दबला की नायलॉन थंड होताना तोच आकार धरतो. रात्रभर उभी असलेली फियाट सकाळी निघाली की पहिले काही किलोमीटर थपथप करत जाई आणि टायर गरम झाला की शांत होई. ग्राहक घाबरून बॅलन्सिंग करायला येत. अण्णा त्यांना चहा पाजून परत पाठवत.

रेयॉन मात्र संपला नाही. गरम झाला तरी तो लांबत नाही, आकसत नाही, म्हणून वेगाने पळणाऱ्या मोटारींच्या रेडियल टायरांत युरोपातल्या कंपन्यांनी तो राखून ठेवला. टायर-यार्न दर्जाचा रेयॉन करणारे कारखाने आज जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, त्यातला एक शहाडचा. इथलं यार्न परदेशीही जातं. एखाद्या परदेशी टायरची भिंत दिव्याखाली धरून बारीक अक्षरं वाचली, तर साइझखाली, भाराच्या आकड्याजवळ, आतल्या थरांची यादी असते: स्टील इतके, पॉलिअमाइड इतका, आणि काही टायरांवर 'रेयॉन'. मी ग्राहकाला ते अक्षर बोटाने दाखवतो. शहाडला उतरून रोज कामावर जाणाऱ्या माणसांनी ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने फिरणाऱ्या टायरचा कणा घडवला, हे मोटारींच्या इतिहासात लिहिलं गेलं पाहिजे. एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. मोहन्यात काम केलेले लोक अजून आहेत; कॉर्डचे आकडे त्यांना आजही पाठ आहेत.

रेडियलचा शोध मिशलाँचा, चाळिसच्या दशकाच्या उत्तरार्धातला. त्यात दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, चाकाच्या त्रिज्येच्या दिशेने जातात, आणि नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा पिंपाच्या कड्यासारखा बसतो. पट्टा ताणत नाही, म्हणून परीघ पक्का राहतो. भारतात जेके टायरने १९७७ मध्ये रेडियल आणला, पण आमच्या भागात तो सर्रास विकला जाऊ लागला तो मारुतीनंतर. साइझ लिहिण्याची पद्धतही बदलली. मारुती ८०० चा १४५/७० आर १२ म्हणजे १४५ मिलिमीटर रुंदी, भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, रेडियल बांधणी, १२ इंची रिम. रुंदी मिलिमीटरमध्ये आणि रिम इंचात, ही सरमिसळ जगभर तशीच राहिली. या तीन आकड्यांमुळे पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या हातात निवड आली. रुंदी वाढवून टक्का कमी केला तर उंची तीच राखता येते, हे गणित नव्वदच्या दशकात ठाण्या-कल्याणच्या पोरांनी दुकानाच्या पाटीवर खडूने करून शिकलं. त्याच दशकात डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमिअरच्या कारखान्यात प्यूजो ३०९ तयार होत होती. आज त्या जागी उंच इमारती आहेत.

चार चाकांच्या ताकदीचा धडा मात्र त्याही आधीचा, जीपचा. महिंद्रांनी १९४९ पासून माझगावला विलिस जीप जुळवायला घेतली. जव्हार आणि मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला तेव्हा ते तिकडे गेले. तिथल्या आणि मुरबाड-शहापूरच्या रानात जाणाऱ्या सरकारी जीपगाड्या आमच्याकडे टायरला येत. जीपमध्ये पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल लिव्हरने जोडता येतो. जोडला की दोन्हींचे फेरे सारखे, मधे कसलीही सूट नाही. चिखलात टायर घसरतो, म्हणून फरक निभावून जातो. कोरड्या डांबरावर तो घसरत नाही. पुढे घासलेले आणि मागे नवे टायर असले, तर दोन्ही अ‍ॅक्सलच्या दांड्यांत पीळ भरत जातो आणि लिव्हर जागीच अडकतो, काही केल्या सुटत नाही. मुरलेले ड्रायव्हर जीप चार पावलं मागे घेत. पीळ सुटला की लिव्हर खट्कन मोकळा होई. असा अडकलेला लिव्हर घेऊन जीप दुकानात आली, की अण्णा गिअरबॉक्सकडे बघतही नसत. आधी सुतळी काढत.

या गाड्यांना स्टेपनीसुद्धा चक्रात फिरवायची, पाचही टायर सारखे घासू द्यायचे, असा त्यांचा आग्रह असे. १९८५ च्या अखेरीस मारुतीची जिप्सी आली. तिचा टायर एफ ७८-१५, म्हणजे पुन्हा वेगळीच भाषा: एफ हे भाराचं अक्षर आणि ७८ हा भिंतीचा टक्का. पुढे काही जिप्सींना २०५/७० आर १५ रेडियल लागू लागला. दोघांची रिम १५ इंचीच, म्हणून एक दुसऱ्याच्या जागी बिनबोभाट बसतो. पण रेडियलचा व्यास ६६८ मिलिमीटर आणि एफ ७८ चा सातशेच्या आसपास. जुनी स्टेपनी एका चाकाला लावून फोर-व्हील टाकली, की जीपचाच खेळ पुन्हा. रिमवर बसतो तो साइझ चालतो, हा समज मी या धंद्यातला सगळ्यात महागडा समज मानतो.

रस्त्यावरच्या गाड्यांत कायमची चार-चाकी ताकद आधी १९६६ च्या जेन्सन एफएफमध्ये आली, पण ती जगभर नेली १९८० च्या ऑडी क्वाट्रोने. पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये एक डिफरन्शियल किंवा क्लच बसवला, म्हणजे वळणावर फेऱ्यांत पडणारा फरक तो सोसतो. वळण संपलं की फरक संपतो. टायर असमान असतील तर फरक संपतच नाही. सरळ रस्त्यावरही क्लच घसरत राहतो आणि त्याचं तेल जळतं. सुबारू म्हणूनच चारही टायरांच्या परिघातला फरक पाव इंचाच्या आत ठेवा असं सांगते. ८.२५ आणि त्याखालच्या जोडीला जेवढी सूट व्यासात होती, तेवढी इथे परिघात, म्हणजे नियम कितीतरी कडक झाला. आपल्याकडे २०१० मध्ये मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन आली, २०१६ मध्ये निसानची जीटी-आर. जीटी-आरला पुढे २५५/४० आणि मागे २८५/३५, रिम २० इंची. पाहणाऱ्याला वाटतं, इथे तर नियम मोडला. हिशेब केला की पुढचा व्यास ७१२ मिलिमीटर, मागचा ७०७.५. रुंदी ३० मिलिमीटरने वेगळी, व्यासातला फरक ५ च्या आत.

गेल्या पावसाळ्यानंतर घोडबंदर रोडवरून एक तरुण ऑडी टीटी क्वाट्रो घेऊन आला. टायर २४५/४० आर १८. पुढच्या दोन्ही टायरांच्या भिंतीला खड्ड्याने गाठी आल्या होत्या. मागच्या दोघांची नक्षी ४ मिलिमीटर उरलेली. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या: पुढे दोनच नवे टायर, आणि भिंत उंच असावी म्हणून २४५/४५.

मी कागद पुढे ओढला. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर. पुढे ८ आणि मागे ४, म्हणजे त्रिज्येत ४ चा फरक आणि परिघात २५ मिलिमीटर, जवळजवळ एक इंच. या टायरचा परीघ २,०५२ मिलिमीटर. किलोमीटरला ४८७ फेरे. घासलेल्याचे ४९३. कागदावर किलोमीटरला सहा फेऱ्यांचा फरक, नाशिकला पोचेपर्यंत नऊशेच्या घरात. पोलादी पट्ट्यामुळे प्रत्यक्षात तो थोडा कमी पडतो, पण क्लचला विश्रांती नाही ती नाहीच.

दुसरी गोष्ट २४५/४५ आर १८. त्याचा व्यास ६७८, मूळचा ६५३. पावणेचार टक्के जास्त. चारही लावले तर अ‍ॅक्सल आपसात भांडणार नाहीत, पण स्पीडोमीटर कमी वेग दाखवेल, गिअरचं प्रमाण बदलेल आणि पुढचं चाक पूर्ण वळवल्यावर कमानीला घासण्याची भीती. मग त्याच्या गाडीला कंपनीनेच दिलेला दुसरा साइझ काढला: १७ इंची रिमवर २४५/४५. व्यास ६५२, म्हणजे एका मिलिमीटरचा फरक. भिंत ९८ च्या जागी ११० मिलिमीटर. भाराचा आकडा ९३ ऐवजी ९५, म्हणजे चाकाला ६५० ऐवजी ६९० किलो. वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा खालचं घ्यायचं नाही, रिम ब्रेकच्या कॅलिपरवरून मोकळी फिरते का ते आधी चढवून पाहायचं, आणि चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, कारण २४५/४५ आर १७ छापलेले दोन कंपन्यांचे टायर मापात काही मिलिमीटरने वेगळे भरतात. त्याला वाटत होतं, रिम लहान केली की गाडीची शान गेली. त्याच्या वडिलांनी, जे सोबत आले होते, विचारलं, "मोठी भिंत म्हणजे खड्ड्यात वाचणार ना?" मी म्हटलं, "बारा मिलिमीटरने वाचेल, दादा. त्यापुढे रस्त्याची मर्जी." चार टायर आणि चार रिम घेऊन दोघं गेले.

असे टायर आता पटकन मिळत नाहीत. १२ जून २०२० च्या अधिसूचनेने टायरची आयात खुली राहिली नाही, परवान्याखाली गेली. इथे न बनणारे साइझ तेव्हापासून वाट पाहायला लावतात. अमेरिकेत एखादा टायर फुटला तर नवा टायर यंत्रावर तासून बाकी तिघांच्या बरोबरीला आणून देणारी दुकानं आहेत. आपल्याकडे ती सोय रुळली नाही. म्हणून दर टायर-फिरवणीला चारही चाकांची नक्षी गेजने मोजून आम्ही वहीत गाडीच्या नंबरापुढे लिहितो. कुणाचे तीन टायर चांगले राहिले आणि चौथा गेला, तर ते तीन विकत घेऊन, खोली लिहून माळ्यावर ठेवतो. कधी ना कधी तेवढ्याच खोलीचा, त्याच नक्षीचा एक टायर शोधत कुणीतरी येतं.

थार घेऊन माळशेजला जाणारी मुलं आली की त्यांना पाच टायरांचं चक्र सांगतो. २५५/६५ आर १८ ची त्यांची स्टेपनी पूर्ण मापाची असते आणि ती मागच्या दाराला लटकून नवीच्या नवी म्हातारी होते. ती चक्रात घेतली, तर एक टायर फाटल्या दिवशी उरलेले चार एका मापाचे असतात.